दुकानदाराला सोडा, छपाईचा सिलिंडर शोधा: नकली मालाबद्दल एका उद्योजिकेला सविस्तर उत्तर

प्रश्न: हिंगणा एमआयडीसीत आमचा मसाल्याचा छोटा कारखाना आहे. आठ-नऊ वर्षांपासून एकाच नावाने सावजी मसाला आणि काळा मसाला विकतो. दिवाळीपासून इतवारीत आणि भंडारा-गोंदियाकडे हुबेहूब आमच्यासारखं पाकीट दिसतंय, दहा-बारा रुपयांनी स्वस्त. ऑनलाइनही आहे. ट्रेडमार्कचा अर्ज केलेला आहे, नोंदणी अजून हाती नाही. पोलीस ठाण्यातून ‘हे दिवाणी प्रकरण आहे’ म्हणून परत पाठवलं. आमचे मिस्टर म्हणतात, दुकानांचे फोटो टाकून बदनामीच करू. त्यातच दुबईच्या एका व्यापाऱ्याशी निर्यातीचं बोलणं चाललंय. सुरुवात कुठून करायची?

उत्तर: ताई, आधी मिस्टरांना थांबवा. दुकानाचा फोटो टाकून ‘हा नकली माल विकतो’ असं लिहिलं की दुकानदार अब्रुनुकसानीची नोटीस द्यायला मोकळा होतो. त्याहून वाईट म्हणजे, माल बनवणाऱ्याला त्याच रात्री कळतं की तुम्हाला सुगावा लागलाय. तो गोदाम रिकामं करतो, महिना-दोन महिने गप्प बसतो आणि पाकिटावरचं एखादं अक्षर बदलून पुन्हा सुरू होतो. वकिलाची नोटीससुद्धा आत्ता नको. नोंदणी हाती नसताना ट्रेडमार्कच्या नावाने धमकावलं, तर ट्रेडमार्क कायद्याच्या कलम १४२ खाली समोरचाच तुमच्यावर निराधार धमकीचा दावा लावू शकतो. आणि हो, नोंदणी होईपर्यंत पाकिटावर वर्तुळातला ‘आर’ छापू नका. छापला असेल तर पुढच्या छपाईत काढा. समोरच्याचा वकील पहिलं बोट तिथेच ठेवतो.

आता मुद्द्याचं. मसाला कुणीही कुटू शकतो. मिरची कळमन्यात मिळते, खडा मसाला मस्कासाथीत मिळतो, आणि एक चक्की कुठल्याही टिनाच्या शेडखाली बसते. नकली माल बनवणाऱ्याला अवघड जातं ते तुमचं पाकीट. छापील पाउचचा रोल रोटोग्रॅव्ह्युअर मशीनवर निघतो. तिथे प्रत्येक रंगाला स्वतंत्र कोरलेला सिलिंडर लागतो. सहा रंगांचं पाकीट म्हणजे सहा सिलिंडर, त्यांचा खर्च वेगळा, आणि छपाईवाला पाच-दहा किलो रोलसाठी मशीन लावत नाही. म्हणजे ज्याने तुमचं पाकीट छापून घेतलं, त्याने बऱ्यापैकी पैसे गुंतवलेत, कुठेतरी ऑर्डर दिलीय आणि कुठेतरी माल उचललाय. या व्यवहाराचा माग राहतो. किराणा दुकानातली वीस पाकिटं जप्त झाली तर त्याचं काहीच बिघडत नाही. सिलिंडर गेले तर तो बसतो.

म्हणून इतवारीतून घेतलेलं नकली पाकीट आणि तुमचं अस्सल पाकीट टेबलावर शेजारी ठेवा आणि दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. तुमच्या पाकिटावरचा तांबडा रंग खास मिसळून घेतलेला असेल, तर अस्सल पाकिटावर तो सलग दिसेल. स्कॅन करून नव्याने छापलेल्या पाकिटात तोच तांबडा गुलाबी आणि पिवळ्या ठिपक्यांचा बनलेला दिसतो. बारीक अक्षरं, म्हणजे घटक पदार्थांची यादी आणि ग्राहक सेवेचा पत्ता, स्कॅनमध्ये फुगतात. ‘ध’ आणि ‘घ’ ओळखू येईनासे होतात. तसं दिसलं तर त्याने नवे सिलिंडर केलेत. पण दोन्ही पाकिटांवर सगळं तंतोतंत जुळत असेल, अगदी एखादा चुकून पडलेला शाईचा बारीक डागसुद्धा त्याच जागी असेल, तर ते तुमच्याच सिलिंडरवरून निघालंय. मग चोर लांब नाही. तुमच्या छपाईवाल्याकडे कुणीतरी जास्तीचा रोल चालवलाय, किंवा ‘वेस्टेज’ म्हणून दाखवलेला रोल मागच्या दाराने गेलाय.

दुसरी खूण सीलची. पाकिटाच्या वरच्या-खालच्या कडेला मशीनच्या जबड्याच्या रेघा उमटतात. कुणाच्या उभ्या, कुणाच्या आडव्या, कुणाच्या चौकटीच्या. रोल तुमचा चोरला तरी पॅकिंग मशीन त्याचं असतं, त्यामुळे या रेघा सहसा जुळत नाहीत. बॅच नंबरचं कोडिंगही पाहा. नकलीवाला बहुतेक वेळा एकच बॅच नंबर महिनोन्‌महिने चालवतो. या खुणांचा जवळून काढलेला फोटो न्यायालयात बरंच काम करतो, कारण न्यायाधीशांनाही तो पाहता क्षणी कळतो.

तुमचे सिलिंडर कुणाच्या ताब्यात आहेत, हे तुम्हाला ठाऊक आहे का? बहुतेक छोट्या उद्योजकांनी सिलिंडरचे पैसे भरलेले असतात, पण ते पडून असतात छपाईवाल्याच्या रॅकवर, कुठल्याही लेखी कराराशिवाय. आजच एक साधं पत्र द्या: सिलिंडर आमच्या मालकीचे आहेत, ते आमच्या लेखी ऑर्डरशिवाय चालवायचे नाहीत, खराब रोल आमच्यासमोर कापायचा. आरोपाचा सूर नको. नेहमीच्या कामकाजाचं पत्र वाटलं पाहिजे.

मग खरेदी. ओळखीचा नसलेला माणूस पाठवा, दोन-तीन दुकानांतून पाकिटं घ्या आणि बिल मागा. बिल मिळणार नाही, कारण हा माल कच्च्यात येतो आणि कच्च्यात जातो. तरी मागा, आणि निदान पैसे यूपीआयने द्या. दुकानाचं नाव, तारीख, वेळ आपोआप नोंदली जाते. पाकीट न फोडता दुसऱ्या पिशवीत सीलबंद करा, त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. व्हिडिओ काढला असेल तर तो मूळ फोनमध्येच राहू द्या, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवलेली प्रत पुरावा म्हणून लंगडी पडते. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे त्यासोबत प्रमाणपत्र लागतं, आणि त्या नमुन्यात फाइलची हॅश व्हॅल्यूही, म्हणजे फाइल बदललेली नाही हे दाखवणारा आकडाही, भरावी लागते.

दुकानदाराशी बोलायची वेळ येईल तेव्हा भांडू नका. इतवारीत ठरलेलं उत्तर असतं: ‘तुमचाच माल समजून घेतला ना भाऊ, आमाले काय मालूम!’ पुष्कळदा ते खरंही असतं. तिथे त्याला शांतपणे ट्रेडमार्क कायद्याचं कलम १०४ समजावून सांगायचं. नकली खूण असलेला माल विकणं हा गुन्हा आहे. पण आपण वाजवी काळजी घेतली होती आणि माल कुणाकडून घेतला ही माहिती विचारल्यावर दिली, हे दाखवता आलं तर विकणाऱ्याला त्याच कलमात बचाव आहे. म्हणजे पुरवठादाराचं नाव सांगण्यात त्याचाच फायदा. हे कळल्यावर पुष्कळ दुकानदार दोन दिवसांनी स्वतःहून फोन करतात. नाव नाही मिळालं तर निदान बिल्टी, म्हणजे ट्रान्सपोर्टची पावती तरी दाखवतात. वाडीच्या कुठल्या ट्रान्सपोर्टवर माल उतरला आणि कुठून चढला होता, एवढं कळलं तरी शोध अर्ध्यावर येतो.

पोलिसांनी ‘दिवाणी’ म्हणून परत पाठवलं, हे चूकच झालं. ट्रेडमार्क कायद्याच्या कलम १०३ आणि १०४ खालचे गुन्हे दखलपात्र आहेत, म्हणजे पोलिसांना थेट गुन्हा नोंदवून तपास करता येतो; शिक्षा ६ महिने ते ३ वर्षं आणि दंड ५० हजार ते २ लाख रुपये. वकीलही बरेचदा विसरतात अशी एक गोष्ट सांगतो. या फौजदारी प्रकरणापुरती कायद्याने ‘ट्रेडमार्क’ची व्याख्या रुंद ठेवली आहे, आणि नोंदणी न झालेलं पण वापरात असलेलं चिन्हही त्यात बसतं. प्रत्यक्षात मात्र ठाणेदार प्रमाणपत्रच मागतो. शिवाय कलम ११५(४) प्रमाणे झडती-जप्ती डीवायएसपी किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायची, तीही ट्रेडमार्क निबंधकांचं मत घेऊन. मत येईपर्यंत दिवस जातात, आणि तेवढ्यात बातमी फुटते.

म्हणून या कामातले आम्ही लोक मागच्या दाराने जातो. पाकिटावरचं डिझाइन, म्हणजे रंगसंगती, चित्र आणि अक्षरांची मांडणी, ही कॉपीराइट कायद्यात कलाकृती ठरते. त्या कायद्याच्या कलम ६४ खाली पोलीस उपनिरीक्षकसुद्धा वॉरंटशिवाय नकली प्रती जप्त करू शकतो आणि निबंधकांच्या मताची अट नाही. कॉपीराइट कायद्याच्याच कलम ६३ चा, म्हणजे कॉपीराइटभंगाचा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये निट प्रो इंटरनॅशनलच्या निकालात स्पष्ट केलं. तक्रार अर्जात हा निकाल जोडा. ‘दिवाणी आहे’ हे उत्तर बऱ्याच अंशी तिथेच बंद होतं. १ जुलै २०२४ पासून झडतीचं चित्रीकरण बंधनकारक झालंय, तेही तुमच्या फायद्याचं आहे.

कॉपीराइटला नोंदणी सक्तीची नाही, पण ठाण्यात कागद बोलतो, तेव्हा करून घ्या. मालावर वापरल्या जाणाऱ्या लेबलसाठी आधी ट्रेडमार्क कार्यालयाकडून शोध प्रमाणपत्र, म्हणजे तसंच चिन्ह दुसऱ्या कुणाचं नाही असा दाखला लागतो. फॉर्म टीएम-सी, ऑनलाइन शुल्क ९,००० रुपये. नंतर कॉपीराइट अर्जाचं शुल्क २,००० रुपये.

इथे एक खड्डा आहे. पाकीट डिझाइन कुणी केलं? तुमच्या पगारी माणसाने केलं असेल तर प्रश्न नाही. सीताबर्डीतल्या एखाद्या फ्रीलान्स डिझायनरकडून पैसे देऊन करून घेतलं असेल, तर लेखी हस्तांतरण झाल्याशिवाय हक्क साधारणपणे त्याचाच राहतो. पैसे दिले म्हणजे हक्क आला, असं नाही. आणि करार करताना मुदत लिहिली नाही तर कायदा ती ५ वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. तुम्हाला दुबईला जायचंय, म्हणून ‘कायमस्वरूपी, संपूर्ण जगासाठी’ असं स्पष्ट लिहून घ्या.

तुमच्या ट्रेडमार्क अर्जाची स्थितीही तपासा. परीक्षण अहवाल, म्हणजे कार्यालयाच्या हरकतींचं पत्र, येऊन पडलाय आणि मेल कुणी पाहिलीच नाही, असं सर्रास होतं. उत्तराला एक महिनाच असतो. हरकत बहुधा ‘सावजी’ या शब्दावर असेल. ती योग्यच आहे. सावजी हे नागपूरच्या हलबा कोष्टी समाजाच्या स्वयंपाकाचं नाव, ते कुणा एका कंपनीचं होऊ शकत नाही. त्या शब्दावरचा हक्क सोडून द्या आणि तुमच्या स्वतःच्या नावावर व लेबलवर जोर द्या. वापराचं प्रतिज्ञापत्र आणि जुनी बिलं लावा. पहिल्या वर्षाची पिवळी पडलेली बिलं फेकली नसतील तर आत्ता सोन्याच्या मोलाची आहेत. लहान उद्योगाला ४,५०० रुपयांत अर्ज होतो, आणि २०,००० भरले तर जलद प्रक्रियाही मिळते. ट्रेडमार्क जर्नलमध्ये अर्जाची जाहिरात झाल्यावर चार महिने विरोधासाठी खुले असतात, तेवढे मात्र थांबावंच लागतं. नोंदणी झाली की हक्क अर्जाच्या तारखेपासून धरला जातो.

तोपर्यंत दिवाणी मार्ग बंद नाही. नोंदणी नसली तरी ‘पासिंग ऑफ’चा दावा चालतो, तुमच्या नावाला बाजारात पत आहे, त्या नावावर त्याने आपला माल खपवला आणि त्यात तुमचं नुकसान आहे, हे दाखवायचं. आधीपासून वापरणाऱ्याचा हक्क नोंदणीपेक्षाही वरचढ ठरू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेलं आहे. विक्री इतवारीत झाली म्हणजे नागपूरच्या न्यायालयाला अधिकार आहे. दावा जिल्हा पातळीवरच्या वाणिज्यिक न्यायालयात लागतो. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला मुंबईसारखा मूळ दिवाणी अधिकार नाही, म्हणजे दावा थेट तिथे लावता येत नाही. तातडीचा मनाई हुकूम मागत असाल तर दाव्याआधीची मध्यस्थी लागत नाही. समोरच्याला न कळवता एकतर्फी आदेश आणि कोर्ट कमिशनर, या दोन्हींसाठी अर्ज करा. कमिशनर थेट गोदामात जाऊन माल, रोल आणि सिलिंडर मोजून सील करतो. नाव माहीत नसलेल्या प्रतिवादीवरही आदेश मिळतो. परदेशात त्याला ‘जॉन डो’ म्हणतात, आपल्याकडच्या न्यायालयांनी त्याचा ‘अशोक कुमार’ केलाय. पण पत्ता मात्र हवा. म्हणून वरचा सगळा शोध.

अन्न व औषध प्रशासनाला विसरू नका. नकली पाकिटावर तुमचाच एफएसएसएआय परवाना क्रमांक असणार. दुसऱ्याचा परवाना क्रमांक छापून खाद्यपदार्थ विकणारा अन्नसुरक्षा कायद्यातही अडकतो, आणि नमुना घेऊन तपासणीला पाठवण्याचा अधिकार अन्नसुरक्षा अधिकाऱ्याला आहे. आरोग्याचा प्रश्न आला की यंत्रणा हलते. नागपूर ग्रामीण पोलिसांनी २०२४ मध्ये सरकारी रुग्णालयांना पुरवलेल्या नकली अँटिबायोटिक्सच्या प्रकरणात आरोपपत्र दाखल केलं, त्या गोळ्यांत औषधाऐवजी टाल्कम पावडर आणि स्टार्च होतं. मसाल्यात रंगाची भेसळ निघाली तर तुम्हीही फक्त ब्रँडवाल्या राहत नाही, तक्रारदार म्हणून तुमचं वजन वाढतं. शिवाय उद्या कुणी त्या पाकिटामुळे आजारी पडलं, तर तुम्ही आधीच लेखी कळवलं होतं हा कागद तुमच्याकडे राहतो.

ऑनलाइनचं तुलनेने सोपं. तिथून एक पाकीट मागवा, पार्सलवरचं परतीच्या पत्त्याचं लेबल जपून ठेवा. ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याची माहिती साइटने दाखवायची असते. लेबलचा कॉपीराइट दाखवून तक्रार केली की लिस्टिंग उतरते. तोच विक्रेता दुसऱ्या नावाने परत येतो, तेव्हा पत्ता कामी येतो.

दुबईकडे वळण्याआधी जगाच्या बाजाराबद्दल थोडं. ओईसीडी ही विकसित देशांची आर्थिक संघटना आणि युरोपीय बौद्धिक संपदा कार्यालय यांच्या २०२५ च्या अहवालाप्रमाणे २०२१ मध्ये नकली मालाचा आंतरराष्ट्रीय व्यापार सुमारे ४६७ अब्ज डॉलरचा होता, म्हणजे जगाच्या आयातीच्या २.३ टक्के, युरोपीय संघाच्या आयातीत हेच प्रमाण ४.७ टक्के. या आकड्यात देशातच बनून देशातच खपणारा नकली माल धरलेला नाही. म्हणजे इतवारीतलं तुमचं पाकीट त्या ४६७ अब्जांच्या बाहेर आहे, आणि आपल्याकडे चोरबीटीपासून (परवानगी नसलेलं कापसाचं बीटी बियाणं) तिखटापर्यंत बरंचसं बाहेरच आहे. पण पद्धत तीच. पूर्वी कंटेनर भरून नकली माल यायचा. आता कोरा माल एका वाटेने, लेबलं दुसऱ्या वाटेने, आणि चिकटवायचं काम ज्या देशात विकायचं तिथेच. नाहीतर टपालाने छोटी-छोटी पार्सलं. कस्टमच्या हाती एक पार्सल लागलं तरी धंद्याला ओरखडा येत नाही. तिथेही जाणते लोक लेबलाच्याच मागे लागतात.

आपल्या कस्टमकडे ब्रँड नोंदवता येतो. २००७ च्या नियमांखाली नोंद केली की संशयित आयात माल ते अडवून ठेवतात आणि मालकाला कळवतात, मग ठरलेल्या दिवसांत मालकाने पुढे येऊन बंधपत्र द्यायचं. नागपुरात कंटेनर डेपोवर बेअरिंग किंवा सुटे भाग येतात त्यांच्या अस्सल वितरकांनी हे जरूर करावं. हे नियम आयातीपुरतेच आहेत, त्यामुळे तुम्हाला आज त्यांचा उपयोग नाही.

तुम्हाला हवी ती दुबईतली नोंदणी. ट्रेडमार्क देशापुरता असतो. भारतातलं प्रमाणपत्र तिकडे चालत नाही. त्या व्यापाऱ्याने ‘मी करून देतो रजिस्ट्रेशन’ असं म्हटलं तर हसून नाही म्हणा. त्याच्या नावावर नोंदणी झाली की उद्या तुमचाच माल तुम्हाला त्याच्या परवानगीने पाठवावा लागेल, आणि वाद झाला तर तोच तुम्हाला नकली ठरवेल. एकाच अर्जातून अनेक देशांत ट्रेडमार्क मागायची सोय म्हणजे माद्रिद प्रणाली. भारत २०१३ पासून तिच्यात आहे, संयुक्त अरब अमिरात २०२१ च्या डिसेंबरात आली, त्यामुळे इथल्या अर्जाच्या आधारे तिकडचा अर्ज करता येतो. इथला अर्ज पाच वर्षांच्या आत पडला तर तिकडचाही पडतो, म्हणून आधी ती ‘सावजी’ची हरकत निपटवा. पहिला कंटेनर जाण्यापूर्वी हे व्हायला हवं. आणि तिकडे नकली पाकिटातला रंग तुमच्या नावावर सापडला तर काय होतं, याचं उदाहरण हवं असेल तर २००५ सालचं ब्रिटन आठवा. एका सॉसमध्ये वापरलेल्या तिखटात सुदान-१ हा बंदी असलेला रंग निघाला आणि चारशेहून अधिक खाद्यपदार्थ परत मागवावे लागले.

तुमच्या पाकिटावर ‘भिवापुरी मिरची’ लिहिलंय का? लिहिलं असेल तर ती खरंच भिवापूरची आहे याचे कागद ठेवा. त्या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे, जसं नागपुरी संत्र्याला. बाहेरच्या किन्नूला नागपुरी म्हणून विकणाऱ्यांवर आपण चिडतो, तोच नियम आपल्याला लागतो.

हॉलोग्राम आणि क्यूआर विकणारे आता तुमच्याकडे येतील. हॉलोग्राम ग्राहक पाहत नाही, आणि त्याचीही नक्कल होते. सगळ्या पाकिटांवर सारखाच छापलेला क्यूआर नकलीवाला पाकिटासोबतच छापतो. प्रत्येक पाकिटाला वेगळा आकडा, तोही खरवडून पाहायचा, एवढं परवडत असेल तरच पैसे घाला. त्यापेक्षा दर सहा महिन्यांनी पाकिटावरची एखादी न दिसणारी खूण बदला आणि ती फक्त तुमच्या विक्री प्रतिनिधींना सांगा. स्वस्त आहे आणि चालतं.

बौद्धिक संपदेचं थोडं शिक्षण घ्यायचं असेल तर आपल्याच सिव्हिल लाइन्समध्ये राजीव गांधी राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्था आहे, तिथे प्रशिक्षणं होतात. अर्ज तिथे द्यायचा नसतो, तो मुंबईच्या कार्यालयाकडे ऑनलाइन जातो.

छापा पडला, माल सील झाला की महिन्याभरात समोरचा हात जोडून तडजोडीला येईल. बहुतेक प्रकरणं तिथेच मिटतात, आणि मिटवायला हरकत नाही. कारखाना चालवायचा की तारखा करायच्या, हे तुमचं तुम्ही ठरवा. फक्त नष्ट केलेल्या पाकिटांच्या फोटोवर समाधान मानू नका. सिलिंडर तुमच्या ताब्यात घ्या किंवा तुमच्यासमोर त्यांचं कोरीवकाम घासून घ्या, छपाईवाल्याचं नाव आणि ऑर्डरचे कागद लेखी घ्या, खर्चाची रक्कम ठरवा. आणि तो समझोता नुसत्या स्टॅम्प पेपरवर ठेवू नका, न्यायालयात दाखल करून त्यावर हुकूमनामा घ्या.